ऑक्सफर्डातली हळद

शिरवण्याच्या गोजराबाईंना लंडन आवडलं नाही, आणि ते त्यांनी तिसऱ्याच दिवशी नातीच्या तोंडावर सांगून टाकलं. "उंच इमारती काय बगायच्या गो? त्या तर तुजा बापूस बी बांधतो." गोजराबाईंचा मुलगा केतन उलव्याकडे बिल्डिंगा बांधतो, त्यामुळे बोलण्यात तथ्य होतं. नात उन्नती हिनं कपाळाला हात लावला. लंडनला शिकायला येऊन तिला वर्ष होत आलं होतं आणि आजीला सगळं दाखवायचं म्हणून तिनं वहीत यादी केली होती. यादीतलं निम्मं गोजराबाईंनी बसच्या खिडकीतून पाहून निकालात काढलं.

"मग परत जायच्या आधी तुला एक जुनं गाव दाखवते," उन्नती शेवटी एका रात्री म्हणाली. "ऑक्सफर्ड. आठशे वर्षांवर झाली, तिथं नुसतं शिकतात."

"आठशे वर्सं? आनि आजून शिकून झायला नाय?"

तरी त्या तयार झाल्या. नाही म्हणायला त्यांच्याकडे आता दिवसच उरले नव्हते. परवा त्यांचं विमान होतं, आणि ज्या कामासाठी सत्तरी उलटलेली ही बाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून आली होती, ते काम तेरा दिवसांत झालं नव्हतं. नातीला एक गोष्ट सांगायची होती. फोनवर सांगण्यासारखी नव्हती म्हणून इतक्या लांब आल्या, आणि इथं आल्यावर समोरासमोर सांगणं फोनपेक्षाही अवघड निघालं.

गोष्ट कळायची तर आधी गोजराबाई कोण ते कळलं पाहिजे. गोजराबाई धवलारीण. आगरी लग्नात धवलारणीचा काय मान असतो हे ज्याला माहीत नसेल त्यानं एखाद्या मांडवात तिला तासभर उशिरा पोचू द्यावं आणि मग गंमत बघावी. बेंजोवाले आलेले असतात, डीजेच्या भिंती उभ्या असतात, नवरी पाटावर बसून कंटाळलेली असते, आणि हळदीच्या वाटीला कोणी हात लावत नाही. का, तर धवलारीण आलेली नाही. ती येणार, बसणार, पदर सारखा करणार आणि धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, म्हणायला लागणार. मग हळद लागणार. लग्नातलं एकेक काम एकेका धवल्यानं पुढं सरकतं. गोजराबाई सोळाव्या वर्षी शिरवण्यात सून म्हणून आल्या आणि सासूकडून हे शिकल्या. पुढं नव्या शहरासाठी शेतं गेली, त्यांच्यावर सेक्टर आले, नंबर पडले, बैलगाडीतून लग्नाला जाणाऱ्या गोजराबाईंना न्यायला एसी गाड्या यायला लागल्या. धवले मात्र तेच राहिले. आपल्या घराचं काय काय गेलं ते गोजराबाई कधी उगाळत बसल्या नाहीत. "गाना तर गेला नाय ना," एवढंच म्हणायच्या.

त्यांच्या सासूनं घालून दिलेली रीत अशी, की धवला एकटीनं म्हणायचा नाही. एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं. गोजराबाई विचारायच्या आणि राजाबाई सांगायची. राजाबाई शेजारच्याच आळीतली, त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. एकेचाळीस वर्षं दोघींनी मिळून नेरूळपासून पनवेलपर्यंतची निम्मी लग्नं लावली. त्यात भांडणंही झाली, अबोला झाला, पण अबोल्यातही दोघी शेजारी बसून धवले म्हणायच्या आणि म्हणून झाले की पुन्हा तोंडं फिरवायच्या.

गेल्या श्रावणात राजाबाई वारली. दिवाळीनंतर गोजराबाई पहिल्या लग्नाला एकट्या गेल्या, तेव्हा त्यांनी ठरवलं होतं की सवालही आपण म्हणू आणि जबाबही आपणच म्हणू. जबाब काही येत नव्हते अशातला भाग नाही. भाजी निवडताना विचारलं असतं तर घडाघडा सांगितले असते. पण मांडवात पहिला सवाल विचारला आणि सवयीनं त्या थांबल्या. शेजारून आवाज आला नाही. दुसऱ्याला थांबल्या, तिसऱ्याला थांबल्या, आणि मग घसा असा काही दाटून आला की पुढचा शब्दच फुटेना. खोकला आल्याचं निमित्त केलं. बायकांनी पाणी दिलं, डीजेवाल्यानं गाणं लावलं, वेळ निभावून गेली. त्यानंतरच्या तीन आमंत्रणांना गोजराबाईंचे गुडघे दुखत होते.

आणि मग उन्नतीचं लग्न ठरलं. खांदेश्वरचा विपुल, चांगला मुलगा, घरचे चांगले. उन्नतीनं लंडनहून व्हिडिओ कॉलवर दोन्ही घरांना बजावलं, "भटजी असू दे, डीजे असू दे, मला काही म्हणायचं नाही. पण हळद आजीच्या धवल्यावरच लागणार. नाहीतर मी पाटावर बसणार नाही." सगळे हसले. गोजराबाईही हसल्या आणि "हो गो बाय" म्हणून बसल्या. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. मार्गशीर्षात लग्न. मांडवात, चारशे माणसांत, नातीच्याच हळदीला आपला घसा दाटला तर? त्यापेक्षा आधीच सांगावं की पोरी, मना आता जमनार नाय, दुसरी धवलारीण बगा. एवढंच सांगायला त्या आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं दोघी निघाल्या. गोजराबाईंचा थाट बघण्यासारखा होता. अंगावर हिरवं लुगडं, वरून उन्नतीचा खाकी कोट, पायात केतनचे पांढरे बूट, नाकात नथ. जूनचं ऊन पडलं होतं, पण इंग्रजांच्या उन्हावर त्यांचा विश्वास नव्हता.

गाव मात्र त्यांना आवडलं. मधाच्या रंगाच्या दगडांच्या भिंती, अरुंद बोळ, जिकडेतिकडे सायकली. "ह्या गावाना बिल्डर भेटला नाय वाटतं," त्या म्हणाल्या, आणि त्यात केतनला टोमणा होता की गावाचं कौतुक, हे उन्नतीला कळलं नाही. एका कॉलेजच्या दारावर काळी गोल टोपी घातलेले गृहस्थ उभे होते. त्यांनी गोजराबाईंना वाकून आत जायची वाट दाखवली. गोजराबाईंनीही त्यांना दोन्ही हात जोडून, कोण कुठले, मुलंबाळं किती, असं मराठीत विचारलं. उन्नतीनं भाषांतर केलं. दोन मुली, असं उत्तर आलं. "बेस झाला," म्हणून गोजराबाई आत गेल्या.

आत चौकात गवत होतं. एवढं हिरवं आणि सारखं, की गोजराबाईंनी चप्पल काढावी तसे बूट काढायला सुरुवात केली.

"आजी, थांब! गवतावर जायचं नसतं."

"का? कुनी सांगला?"

"पाटी आहे ना. फक्त प्रोफेसरांनी चालायचं."

"मंग गुरांना तरी घालतान का कापून?"

"नाही गं."

"म्हंजे चालायचा नाय, गुरांना द्यायचा नाय. नुसता वाढवायचा नि कापायचा." गोजराबाईंनी त्या गवताकडे मोठ्या दयेनं पाहिलं. भाताची खाचरं ज्यांनी गुडघाभर चिखलात उभं राहून लावली त्यांना असं निरुद्योगी गवत पाहवत नाही.

मग पुस्तकांची घुमटाची इमारत झाली, मंडईत चहा झाला, आजीसाठी शाकाहारी सँडविच शोधता शोधता एक वाजला. गुरुवार होता, गोजराबाई गुरुवारी खात नाहीत. चहा पिताना त्यांनी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा उन्नतीनं त्यांच्या हातात बिस्कीट दिलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "आजी, खरं सांगू? मला इथं एकटं वाटायचं ना, तेव्हा मी तुझं हळदीचं रेकॉर्डिंग लावायची. सुमनताईच्या लग्नातलं, तू नि राजाबाई आजी." गोजराबाईंनी तोंड मिटलं आणि बिस्कीट खाल्लं.

तिथून नदीकडं जायला त्या मोठ्या रस्त्याला लागल्या, आणि समोरच्या गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला.

गल्लीत तीस-चाळीस पोरं-पोरी गोळा झाली होती. मधोमध एक उंच मुलगी. तिच्या तोंडाला, केसांना, मानेला पिवळीधमक पूड फासलेली. कोटाला लाल फूल खोवलेलं. दोघी मैत्रिणी आणखी पूड तिच्या गालांना चोळत होत्या, कोणी कागदाच्या झुरमुळ्या उडवत होतं, कोणी नाचत होतं, आणि ती मुलगी हसत होती आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं तिच्या. गोजराबाई जागच्या जागी थांबल्या. उभ्या आयुष्यात हजारदा पाहिलेली गोष्ट त्या पाहत होत्या.

"उन्नती, हलद गो!" त्यांचा चेहरा उजळला. "पन काला कोट कशाला घालतान हलदीला? कुनी शिकवलाच नाय यांना. आनि धवलारीन कुटं हाय हिची?"

"आजी, ती हळद नाही, ते परीक्षा संपली की..." उन्नती सांगेपर्यंत आजी रस्ता ओलांडून गेलीसुद्धा.

उन्नती मागं धावली, पण तिला हसू आवरेना, आणि हसता हसता तिनं मोबाईल काढला. गोजराबाई गर्दीत शिरल्या होत्या. हिरवं लुगडं, नथ आणि खाकी कोट पाहून पोरांनी आपोआप वाट दिली. त्या मुलीसमोर जाऊन त्यांनी तिच्या दोन्ही गालांना हात लावला, पिवळा झालेला हात आपल्या कपाळाला टेकवला. जिला हळद लागली आहे आणि जिच्यासाठी कोणी गात नाही, अशा नवरीसमोरून धवलारणीनं नुसतं निघून जायचं नसतं. गोजराबाईंनी पदर सारखा केला, डोळे मिटले आणि सुरू केलं.

*हलद गो हलद, कनचे मल्यान पिकली?*

 मग पोरांनी एकदम आनंदानं हो-हो केलं, टाळ्या वाजवल्या. त्या गलक्यात जबाबाची जागा भरून गेली आणि गोजराबाई पुढं गेल्या.

*हलद गो हलद, कनचे जात्यान दलली?*

पुन्हा गलका. त्या उंच मुलीनं गोजराबाईंचे हात हातात घेतले होते. गोजराबाईंचा आवाज आता मोकळा झाला होता, कित्येक महिन्यांत झाला नव्हता इतका.

*हलद गो हलद, कनचे हातान लावली?*

या वेळी कोणी ओरडलं नाही. गाण्यात काहीतरी आहे हे एव्हाना पोरांना उमगलं होतं, आणि शहाण्या मुलांसारखी ती सगळी गप्प राहून ऐकत होती. गोजराबाई थांबल्या. वाट पाहिली. चाळीस तोंडं त्यांच्याकडे पाहत होती आणि शेजारी कोणी नव्हतं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मग त्यांनी डोळे उघडले, मुलीवरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, "सुकी ऱ्हा बाय," म्हणाल्या आणि वळल्या. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं गाणं संपलं.

नदीकाठी एका बाकावर दोघी बसल्या. पलीकडच्या कुरणात चक्क गाई चरत होत्या, पण गोजराबाईंनी तिकडं पाहिलंही नाही. उन्नती अजून हसत होती. "आजी, तुला काय सांगू! ती नवरी नाही, तिचा शेवटचा पेपर झाला आज. शेवटच्या पेपरला लाल फूल लावतात, बाहेर आलं की दोस्त असं रंगवतात. थांब, घरच्या ग्रुपवर टाकलाय व्हिडिओ, पप्पा बघ कसे..."

"उन्नती," गोजराबाई म्हणाल्या, "तुजे हलदीला मी धवला नाय म्हननार."

उन्नतीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं.

"मना जमत नाय. बगलंस ना आता? तिसऱ्या सवालाला गला बंद झायला. राजाबाय गेल्यापास्नं असाच होतंय. मी विचारते, आनि कोन सांगतच नाय." त्यांनी लुगड्याच्या पदरानं हात पुसले. पिवळा रंग निघत नव्हता. "चवदा दिवस झायलं, तुना सांगीन सांगीन म्हनते. तुजी हलद बिगडली तर मना जलमभर सोसनार नाय."

 आजी खोकल्याचं, गुडघ्याचं कारण सांगत होती तेव्हा आपण औषधाची नावं कळवत बसलो, हे आठवून उन्नतीला स्वतःची लाज वाटली. तिनं आजीचा हात धरला. "मग मी म्हणते ना उत्तरं. मला रेकॉर्डिंग पाठ आहे."

"येरी का काय? नवरी आपलेच हलदीला तोंड उगडते का? नवरीनं गप बसायचा. तेच तर तिचा काम."

"मग दुसरी कोणीतरी..."

"कोन? हाय कोन?" गोजराबाई म्हणाल्या. "पोरींना डीजे पायजे. आनि तुजी आय तर मास्तरीन. तिना या अडान्यांच्या गान्यान काय गोडी?"

उन्नतीची आई नमिता शाळेत गणित शिकवते. घरात शुद्ध बोलते, हिशोबी आहे, नीटनेटकी आहे, आणि सत्तावीस वर्षांत सासू-सुनेचं कधी वाजलं नाही. पण कधी फारसं बोलणंही झालं नाही. गोजराबाई आणि राजाबाई ओटीवर बसून धवले घोळवायच्या तेव्हा नमिता आतल्या खोलीत वह्या तपासायची. गोजराबाईंनी मनाशी धरलं होतं की सुनेला याचा त्रास होतो, म्हणून त्या आवाज जरा खालीच ठेवायच्या.

फोन वाजला तो नमिताचाच. उन्नतीनं स्पीकरवर घेतला. शिरवण्यात रात्रीच्या जेवणाची वेळ असणार, मागं ताटांचा आवाज येत होता.

"आई आहेत का जवळ?" नमितानं विचारलं. "आई, तुम्ही तिसऱ्या सवालाला का थांबलात?"

"खोकला आयला," गोजराबाई म्हणाल्या.

"खोकला नाही आला. मी तीनदा पाहिला व्हिडिओ." पलीकडं ताटांचा आवाज थांबला. "केतन म्हणतायत आई थकल्या असतील. मी म्हटलं, थकल्या नाहीत. त्या राजाबाई मावशींची वाट बघत होत्या."

 उन्नतीनं फोन आजीच्या जवळ नेला.

"आई, मी म्हणू का?" नमिता म्हणाली. तिच्या वर्गातल्या मुलांनी कधी ऐकला नसेल इतका तिचा आवाज कापत होता. आणि होकाराची वाट न बघता तिनं म्हटलं.

*आयचे हातान गो, आयचे हातान लावली.*

सूर बरोबर होता. राजाबाई जिथं आवाज उचलायची तिथंच उचलला होता, जिथं सोडायची तिथंच सोडला होता. आणि बोली अस्सल होती, शिरवण्याची. जी बाई चुकूनही 'हाय' म्हणत नाही तिच्या तोंडून ती ओळ अशी निघाली, जशी काही ती रोज म्हणत असावी.

"तुना कवा आला ह्यो?" गोजराबाईंनी विचारलं.

"सगळे येतात, आई. सतराच्या सतरा जबाब. सत्तावीस वर्षं ऐकतेय. वह्या तपासताना मी ओठातल्या ओठात म्हणायचे, मावशींच्या जोडीनं."

"आनि गप ऱ्हायलीस? इतकी वर्सं?"

"तुम्ही कधी विचारलंच नाही."

यात तक्रार नव्हती, नमितानं नुसतं सांगितलं होतं. पण गोजराबाईंना ते लागलं. लोकांच्या लेकीसुनांना मांडवात बसून एकेचाळीस वर्षं त्यांनी सवाल विचारले, कोणाच्या मळ्यातली, कोणाच्या जात्यावरची, आणि आपल्याच घरातल्या सुनेला, तुला गावंसं वाटतं का, एवढं विचारायचं राहून गेलं. त्या रडल्या. नथ सांभाळत, कोटाच्या बाहीला डोळे पुसत, चांगल्या रडल्या. पलीकडं नमिताही रडत असावी. उन्नतीचं तर विचारूच नका.

"नवरीच्या आयनं जबाब दिला तर चालतं ना गं?" उन्नतीनं नाक ओढत विचारलं.

"न चालायला काय झायला?" गोजराबाई करवादल्या. "तिचेच तर हातान लागते हलद." मग फोन त्यांनी स्वतःच्या हातात घेतला, पिवळ्या झालेल्या बोटांनी. परक्या गावच्या त्या बाकावर त्यांनी पदर सारखा केला.

"नमिता, जेवलीस?"

"नाही अजून."

"मंग नंतर जेव. चवथा सवाल इचारते. तू सांग."